सल्वाबाईंच्या घेरावर लाल फुल्या

शिवांगी: थांबा बाबा. तो फोटो अजून कुणाला पाठवू नका.

मनोहर: पाठवला की. सकाळीच, आमच्या रिटायर मंडळींच्या ग्रुपवर. अख्खा पिंपरीचा क्वालिटी विभाग थक्क झालाय. मनोहर अमेरिकेत बॉथेलला मुलीकडे गेला आणि तिथे भरतकाम शिकला! शेखनं तर हात जोडलेले तीन पाठवले.

शिवांगी: तुमचा भरतकामाचा वर्ग भरतो त्या लायब्ररीच्या पेजवर नाही ना टाकला?

मनोहर: ते तू टाकणार होतीस, वर इंग्रजीत चार ओळी लिहून. म्हणून तर शनिवारची तुला कामाला लावली.

शिवांगी: त्या चार ओळींसाठीच गूगल केलं मी. बाबा, नीट आठवून सांगा. सल्वा आंटींनी त्यांचा ड्रेस तुम्हाला दिला, तेव्हा एक्झॅक्टली काय करायला सांगितलं होतं?

मनोहर: घेराला एके ठिकाणी इस्त्रीचा चटका बसला होता. तिथले टाके उडाले होते. म्हणाल्या, मिस्टर मनोहर, तेवढा तुकडा भरून द्या, माझ्या भाच्याचा साखरपुडा आहे. अगं, वर्गात इतक्या बायका, पण झगा दिला माझ्याकडे! पॅलेस्टाइनमधल्या त्यांच्या आजीच्या पद्धतीचा झगा. का दिला? तर माझी मागची बाजू स्वच्छ असते म्हणून.

शिवांगी: बाबा!

मनोहर: टाक्यांची मागची बाजू. गाठ नाही, लोंबणारा दोरा नाही. बाई आधी कापड उलटं करून बघतात आणि मग सुलटं. मी पण आयुष्यभर तेच केलं, मशिनवरून आलेला जॉब आधी पालथा घालायचा.

शिवांगी: बाई बाई काय म्हणता त्यांना? अमेयला वाटतं तुम्ही मेडबद्दल बोलताय.

मनोहर: शिकवतात त्या बाई. आमच्या शाळेत सगळ्या बाईच होत्या. तुझ्या नवऱ्याला सांग, हा शब्द तो समजतो त्यापेक्षा वरचा आहे.

शिवांगी: ओके. दोरा कुठल्या रंगाचा दिला होता?

मनोहर: निळा.

शिवांगी: मग फोटोत ही लाल फुलं कुठून आली?

मनोहर: ती आपली कल्पना! निळा तुकडा भरून झाला, तर बाकीची पट्टी अगदीच उदास दिसायला लागली. सगळी निळीच निळी. मधे मधे मोकळ्या जागा होत्या. म्हटलं, उठाव येईल. हळूच फुलीच्या टाक्यानं एकेक लाल फूल टाकत गेलो. सगळ्या घेराला, गोल.

शिवांगी: त्यांना विचारलंत?

मनोहर: सरप्राइज होतं.

शिवांगी: अरे देवा. बाबा, बसा. तुम्ही बसा, मग वाचते. हे बघा. ‘पॅलेस्टाइनच्या दक्षिण भागात बाईच्या कपड्यांवरचं भरतकाम तिच्याबद्दल माहिती देत असे. नवरा गेलेल्या बाईच्या घेरावर निळं भरतकाम असे.’

मनोहर: बरोबर आहे. सल्वाबाईंचे मिस्टर गेलेत. त्यांची आजी बीर सबाकडची, म्हणजे दक्षिणच. पुढे?

शिवांगी: ‘पुन्हा लग्न करायची इच्छा झाली, की ती त्या निळ्यावर लाल फुलं भरायला लागे.’

मनोहर: काय करायला लागे?

शिवांगी: लाल फुलं. निळ्यावर. बाबा, तुम्ही त्यांच्या घेरावर वधू-वर सूचक मंडळ काढलंय.

मनोहर: हे शिकवलं नाही आम्हाला!

शिवांगी: शिकवलं असणार. रंगांचा एक पूर्ण क्लास झाला होता, तुम्ही घरी येऊन म्हणाला होतात ‘आज काही विशेष नाही’.

मनोहर: त्या दिवशी कानातल्या मशिनची बॅटरी गेली होती. मी नुसता मान हलवत होतो. सगळ्या हसल्या की हसायचो.

शिवांगी: साखरपुडा कधी आहे?

मनोहर: आज.

शिवांगी: आज केव्हा?

मनोहर: सुरू झाला असेल. लिनवुडला कुठलासा हॉल घेतलाय. बाईंचे तिन्ही भाऊ आलेत. एक तर खास डेट्रॉइटहून आलाय, त्याचं हॉटेल आहे, आणि बाईंच्या सांगण्याप्रमाणे तो दाराच्या चौकटीत मावत नाही. शिवू, फोन लाव.

शिवांगी: लावतेच आहे. व्हॉइसमेल. परत व्हॉइसमेल. बाबा, पण त्यांनी घालण्याआधी बघितलं नसेल?

मनोहर: मंगळवारी मी पिशवी दिली, घडी घातलेली. त्यांनी वरच्या वर पिशवीत हात घातला, ‘शुक्रन’ म्हणाल्या आणि दुसऱ्या बाईचा गुंता सोडवायला गेल्या. आपण जाऊ तिथे. माझ्याकडे उसवायची छोटी कात्री आहे. कोपऱ्यात बसून हळूच—

शिवांगी: कोपऱ्यात बसून काय? पाहुण्यांसमोर एका बाईच्या पायाशी बसून तुम्ही तिचा घेर कापणार? तिच्या तीन भावांसमोर?

मनोहर: ते बरं दिसणार नाही.

शिवांगी: आणि गाडीही नाहीये. अमेय आन्याला स्विमिंगला घेऊन गेलाय.

मनोहर: मग ईमेल कर. लिही. विषय, ‘घेराच्या कामातील त्रुटीबाबत’. पहिला मुद्दा, त्रुटीचं स्वरूप. दुसरा, मूळ कारण, बॅटरी. तिसरा, सुधारणेची उपाययोजना. चौथा—

शिवांगी: बाबा, हा बेअरिंगचा लॉट नाहीये.

मनोहर: अगं, मला तेवढंच लिहिता येतं!

शिवांगी: इतकं टेन्शन घेऊ नका. त्या हसतील आणि सोडून देतील.

मनोहर: आणि नाही सोडलं तर? मला परत त्या वर्गात पाय ठेवता येईल? शिवू, तू दिवसभर लॅबमध्ये असतेस, अमेय कानाला ते लावून मीटिंगमध्ये, नात असून आन्या माझ्याशी इंग्रजीत बोलते आणि मला ‘व्हॉट?’ म्हणायची लाज वाटते. इथे माझ्याशी कुणी भांडत नाही. ती एक बाई भांडते. ‘मिस्टर मनोहर, हे काय, म्हाताऱ्याचे दात?’

शिवांगी: असं बोलतात त्या तुम्हाला?

मनोहर: म्हाताऱ्याचे दात हे नक्षीचं नाव आहे. असते तशी एक नक्षी. पण मी घालत होतो सरूची झाडं. दिसत होती म्हाताऱ्याचे दात. मंगळवार आला की मला बरं वाटतं, एवढं खरं. तो गेला तर मी पुण्याला जातो परत. फ्लॅटचं कुलूप काढतो आणि बसतो.

शिवांगी: असं नका ना बोलू. आणि हे फूल कुठून काढलंत? पुस्तकातलं वाटत नाही.

मनोहर: पुस्तकातलं नाहीच. मला पाठ असलेलं ते एकच फूल.

शिवांगी: एक मिनिट, झूम करते. बाबा, हे आईच्या टेबलक्लॉथवरचं आहे.

मनोहर: हं.

शिवांगी: आईचं फूल दिलंत तुम्ही?

मनोहर: दिलं काय? आलं हातातून. टेबलक्लॉथ दोसुतीचा होता, वीणा रोज संध्याकाळी भरायची आणि मी समोर पेपर वाचत असायचो. फुल्या मोजत बसायची, आणि मी मधे काही विचारलं की चुकायची. मग मला ओरडायची. तेवढं बघून बघून पाठ झालं. रागावलीस?

शिवांगी: नाही. माहीत नाही. दारावर कोण आहे बघते. ॲमेझॉन असेल.

मनोहर: पाकीट बाहेरच ठेव म्हणावं.

शिवांगी: बाबा, ॲमेझॉन नाहीये. कॅमेऱ्यात बघा. झगा घातलेलं ॲमेझॉन आहे.

मनोहर: भाऊ आहेत का बरोबर?

शिवांगी: एकट्याच आहेत.

मनोहर: मी झोपलोय असं सांग.

शिवांगी: त्यांनी तुम्हाला काचेतून बघितलंय. हात हलवताहेत. हलवा तुम्हीपण.

(दारात सल्वाबाई, अंगात काळा भरलेला झगा, हातात फॉइलनं झाकलेलं ताट. यापुढचं बोलणं इंग्रजीत झालं. मनोहररावांना ते जसं ऐकू आलं तसं मराठीत दिलं आहे.)

सल्वा: सरका, ताट गरम आहे. तू शिवांगी. तुझे वडील सांगतात त्यापेक्षा तू बारीक आहेस. मिस्टर मनोहर, मागे मागे जाऊ नका, तिथे भिंत आहे.

मनोहर: सल्वाबाई, मला काही निवेदन करायचं आहे.

सल्वा: आधी मी करते. मी हॉलमध्ये शिरले. वहिनीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खालपर्यंत आली आणि तिच्या हातातला समोसा खाली पडला.

शिवांगी: ओ नो.

सल्वा: पाच मिनिटांत माझ्या खुर्चीशेजारी एक दातांचा डॉक्टर येऊन बसला. रेंटनचा. माझ्याशी बोलत होता, पण बघत होता दाढांकडे. मग भावाचा मित्र आला, त्याचं टायरचं दुकान आहे. म्हणाला, तुझ्या गाडीचे चारही टायर गुळगुळीत झालेत, अशा बाईला आधाराची गरज असते.

मनोहर: काय हा माणूस!

सल्वा: टायर खरंच झालेत. तिसरा माझ्या आईचा लांबचा चुलतभाऊ. त्याला दोघांनी धरून आणलं. त्यानं एकच प्रश्न विचारला, तुझे गुडघे कसे आहेत.

शिवांगी: आंटी, आय ॲम सो सॉरी. बाबांना खरंच माहीत नव्हतं.

सल्वा: हे त्यांना बोलू दे. मिस्टर मनोहर, मी तुम्हाला निळा दोरा दिला होता.

मनोहर: निळाच घातला. पूर्ण मापात. लाल मी वरून, आपलं... सल्वाबाई, माझा हेतू स्वच्छ होता. अहो, लाल फुलीचा असा अर्थ असतो हे मला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं. माझ्या हातून लाल फुली चुकीची कधी पडलीच नाही. तीच तर माझी नोकरी होती!

सल्वा: कसली नोकरी?

मनोहर: कारखान्यात तयार झालेला माल तपासायचा. खराब निघाला की त्याच्यावर लाल खडूनं फुली मारायची. लाल फुली म्हणजे रिजेक्ट.

सल्वा: रिजेक्ट?

मनोहर: म्हणजे बाद. भंगारात.

सल्वा: माझ्या आजीच्या गावी लाल फुली म्हणजे अर्ज करा. आणि तुमच्या गावी भंगार?

मनोहर: आमच्या डिपार्टमेंटमध्ये. गावाचं तसं काही नाही.

सल्वा: म्हणजे मी सगळ्या नातेवाइकांसमोर एक वाक्य घालून फिरले. अर्ध्यांनी वाचलं, ही लग्नाला तयार आहे. आणि तुम्ही तिथे असतात तर वाचलं असतं, ही भंगारात काढलेली आहे.

मनोहर: मी असं कधीच वाचलं नसतं! सल्वाबाई, हे... शिवू, हसू नकोस. तूपण हसतेयस? आणि बाई, तुम्हीपण?

सल्वा: अजून फुलाचं ऐका. फुलावरून तर भांडणं झाली. आमच्यात टाके बघून गाव सांगतात. माझी मावशी खाली वाकली आणि म्हणाली, हे फूल खलीलचं. आत्या म्हणाली, खुळी की काय, खलीलचं फूल मी ओळखत नाही का, हे रामल्लाचं. डेट्रॉइटचा भाऊ म्हणाला गाझाचं, त्याला टाक्यांतलं काडीचं कळत नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. सांग, हे फूल कुठल्या गावचं?

मनोहर: पिंपरीचं.

सल्वा: मी म्हटलं, दक्षिणेकडचं.

शिवांगी: ते तसं खोटं नाहीये.

सल्वा: आत्या म्हणाली, तरीच, मला वाटलंच होतं. आता ती घरी जाऊन ते फूल भरणार. वर्षभरात ते आमचं झालेलं असेल. काही बिघडत नाही. ज्या गावांची नावं आम्ही टाक्यांना देतो, त्यातली कित्येक आता जमिनीवर नाहीतच. कापडावर आहेत. एखादं जास्त झालं तर झालं.

शिवांगी: ते फूल माझ्या आईचं आहे, आंटी. ती भरायची.

सल्वा: हो? मला ते माहीत नव्हतं. मिस्टर मनोहर, हे तुम्ही सांगायला हवं होतं.

मनोहर: म्हटलं तर तिचंच आहे. मी कुठे काय केलं? उसवून देतो मी सगळं. आत्ता देतो. कात्री आहे, तास-दोन तासांचं काम, खालचं निळं जराही हलणार नाही, तुम्ही तोवर शिवूचे कपडे घाला.

सल्वा: मी ते मंगळवारीच पाहिलं.

मनोहर: काय पाहिलं?

सल्वा: फुलं. घरी गेले, झगा उलटा केला आणि मागून पाहिला. मागच्या बाजूला लाल दिसला. एवढा स्वच्छ लाल की मला राग धरता येईना. एकही गाठ नाही.

शिवांगी: म्हणजे माहीत असून घातलात?

सल्वा: आधी ठरवलं की घालायचा नाही. कपाटात दुसरा होता. मग म्हटलं, बघू तरी. शिवांगी, माझा नवरा गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. भाऊ, वहिनी, डॉक्टर. मी खोलीत आले की लोक टीव्हीचा आवाज कमी करतात. आज इतक्या वर्षांनी माझ्यावर कुणी ओरडलं. तुला काय झालंय, या वयात, असं वहिनी सगळ्यांदेखत ओरडली. मला इतकं बरं वाटलं.

मनोहर: हं. कळतं मला ते.

सल्वा: तुम्हाला कसं कळेल? तुमच्यात पुरुषानं काय घालायचं असतं? बायको गेली की?

मनोहर: काही नाही. माझे वडील गेले तेव्हा आमच्या आईनं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या. आम्ही मुलं बघत उभे होतो, कुणी थांबवलं नाही. मीपण नाही. आणि वीणा गेली तेव्हा माझ्या अंगावरचं काहीच उतरलं नाही. तोच शर्ट, तेच घड्याळ. कुणाला कळणारसुद्धा नाही.

सल्वा: कळतं. पहिल्या दिवशी वर्गात आलात तेव्हाच मला कळलं.

मनोहर: कशावरून?

सल्वा: शर्टाला पुढून इस्त्री होती. मागून नव्हती.

शिवांगी: बाबा, मी इस्त्री करून देत जाईन ना. सांगायचं तरी.

मनोहर: तू कशाला? मी शिकेन. टाके शिकलोच की. सल्वाबाई, मग मी हे उसवू की नको? भावांना काय सांगणार तुम्ही? आणि त्या टायरवाल्याला?

सल्वा: तिन्ही उमेदवारांना नाही म्हणून सांगितलं. टायर मी विकत घेणार आहे, पण पैसे देऊन. आणि उसवायची गरज नाही. आमच्यात नियमाप्रमाणे हे धरतच नाहीत.

मनोहर: म्हणजे?

सल्वा: तो लाल टाका बाईनं स्वतःच्या हातानं घालायचा असतो. दुसऱ्या कुणी घातला तर तो नुसता दोरा. त्याला अर्थ नाही. हे मी त्या रंगांच्या क्लासमध्ये सांगितलं होतं. तुम्ही खूप मान हलवत होतात.

मनोहर: म्हणजे मी घातलेली सगळी फुलं बाद?

सल्वा: सगळी.

मनोहर: सगळ्या घेराची?

सल्वा: गोल.

मनोहर: चला. मग सुटलो. वा, वा. काहीच झालं नाही म्हणायचं.

शिवांगी: बाबा, मग चेहरा का पडलाय तुमचा?

मनोहर: कुठे पडलाय? असाच आहे तो. तू चहा टाक बघू. आलं घाल, बाईंना आवडतं. आणि त्या ताटात काय आहे ते तरी विचार.

शिवांगी: टाकते. आंटी, तुम्ही बसा. इथे खिडकीजवळ बसा, इथे उजेड चांगला आहे.

सल्वा: बसते. मिस्टर मनोहर, तुमच्या पेटीत लाल दोरा उरलाय का?

मनोहर: आहे की. भरपूर आहे. का हो, काही उसवलंय का?

सल्वा: नाही. सुईत ओवून द्या तेवढा. माझा चष्मा हॉलवर राहिलाय.